तीस फुटांचा पाइप

गेल्या पावसाळ्यात गावच्या घराचा स्लॅब गळायला लागला. दिवाळीनंतर वॉटरप्रूफिंगवाला पोरगा गच्चीवर चढला आणि वरूनच ओरडला, "काका, हा पाइप काढून टाकू का? काहीच कामाचा नाही हा." वय असेल त्याचं बावीस-तेवीस. पाइपाच्या टोकाला लटकलेल्या वाकड्या नळ्या कशाच्या, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, टीव्हीची अँटेना आहे. तो म्हणाला, "एवढी उंच काहून?"

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला हा लेख लिहावा लागतोय.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. आमच्या जिल्ह्यात कुणाला "कुठले?" असं विचारलं, की गावाच्या नावाआधी एक शब्द येतो: घाटावरचे की घाटाखालचे. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याला मधून कापत जाते. बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत. जमीन वेगळी, पिकं वेगळी, बोलण्याची ढब वेगळी. मुली देतानासुद्धा लोक घाट बघतात. आणि १९८० च्या दशकात टीव्ही आला तेव्हा तोही घाट बघूनच आला.



आधी थोडं मागे जाऊ. भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबईचं केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडलं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं. विदर्भातल्या खेड्यांसाठी मात्र टीव्ही ही मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने सांगायची गोष्ट होती.

विक्रम साराभाईंची कल्पना वेगळी होती. शहरातून हळूहळू खेड्याकडे जाण्यापेक्षा उपग्रहातून थेट खेड्यात चित्र उतरवायचं. त्यांच्या निधनानंतर, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, हा प्रयोग झाला. 'साइट' हे त्याचं नाव. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेतला आणि सुमारे २४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या उभ्या केल्या. सहा राज्यं निवडली होती: राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नव्हता.

मग आलं १९८२. दिल्लीत एशियाड, रंगीत टीव्ही, १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम. ३० ऑगस्ट १९८३ ला इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि खेळच बदलला. दिल्लीचं चित्र उपग्रहावर जाणार, तिथून गावोगावच्या छोट्या प्रक्षेपण केंद्रांवर उतरणार आणि तिथून आजूबाजूच्या घरांत. अशी केंद्रं उभारण्याचा सपाटा लागला. १९८४ च्या काही महिन्यांत तर देशात जवळपास दिवसाला एक केंद्र सुरू होत होतं.

ही बहुतेक केंद्रं लहान क्षमतेची होती, १०० वॉटची. तुमच्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी वीज. त्यातून चित्र जायचं साधारण पंधरा ते वीस किलोमीटर. मोठी केंद्रं १० किलोवॅटची, तीही मोजकीच. दिल्लीत नकाशावर प्रत्येक केंद्राभोवती कंपासने गोल काढला जायचा. त्या गोलातली लोकसंख्या म्हणजे 'टीव्हीच्या कक्षेत आलेली' लोकसंख्या. बुलडाण्याच्या लहान केंद्राभोवतीच्या गोलात आमचं गाव येत होतं. कागदावर आम्हाला टीव्ही दिसत होता.

पण कंपासला डोंगर कळत नाही.



टीव्हीच्या लहरी बऱ्याचशा उजेडासारख्या सरळ जातात. क्षितिजापलीकडे थोड्या वाकतात, पण फार नाही. एक सोपा हिशोब आहे: प्रक्षेपकाच्या आणि घरच्या अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे मोकळ्या मैदानात चित्र किती किलोमीटर पोचेल त्याचा अंदाज. मनोरा १५० मीटरचा आणि घरची अँटेना ९ मीटरवर असेल, तर उत्तर साठच्या थोडं पुढे येतं. म्हणून तर औरंगाबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर मनोरा उभा केला. तो डोंगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. देऊळगाव राजाकडच्या लोकांना ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या त्या डोंगराकडे तोंड करून अँटेना लावणं म्हणूनच परवडायचं.

आमचं उलटं होतं. बुलडाणा शहर डोंगराच्या माथ्यावर, साधारण साडेसहाशे मीटरवर. आम्ही थेट खाली. कुणालाही वाटेल, मनोरा डोक्यावर आहे म्हणजे चित्र झकास. पण भिंतीला चिकटून उभं राहिलं की भिंतीपलीकडचा दिवा दिसत नाही. चार पावलं मागे सरकलं की दिसतो. पायथ्याशी जितकं जवळ, तितकी डोंगराची सावली दाट. आमच्याहून लांब, मलकापूरच्या वाटेवरच्या सपाटीवर असलेल्या गावांत चित्र यायचं. आमच्याकडे मुंग्या.

आता अँटेना निवडण्याबद्दल. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती कधी निवडली नसेल. फोनमध्ये ती असते, पण दिसत नाही. आमच्या वेळी चार प्रश्न असायचे.

पहिला, चॅनेल कोणतं. इथे चॅनेल म्हणजे लहरींचा पट्टा. मुंबईचं केंद्र ४ नंबरवर होतं. त्याची लहर लांब, म्हणून अँटेनाची मुख्य नळी जवळपास अडीच मीटर लागायची. ५ ते १२ नंबरची केंद्रं वरच्या पट्ट्यात, त्यांना मीटरभराहूनही आखूड नळ्या पुरत. नळीची लांबी लहरीच्या निम्मी असावी लागते, एवढंच त्यामागचं गणित. पण गिऱ्हाइकाला मोठी अँटेना जास्त जोरकस वाटायची आणि दुकानदार ती खपवायचे. आमच्या गावात एकाने मलकापूरहून सगळ्यात रुंद अँटेना आणली. ती भलत्याच पट्ट्याची निघाली. शेवटी तिच्यावर कावळे बसायचे आणि खाली कपडे वाळायचे.

दुसरा प्रश्न, नळ्या किती. या अँटेनाचं खरं नाव यागी-उदा. जपानमधल्या सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ती मांडली. मागे एक लांब नळी, ती लहर परतवते. मग वायर जोडलेली दुमडलेली नळी. पुढे आखूड होत जाणाऱ्या नळ्या, त्या लहरीला वाट दाखवतात. पुढच्या नळ्या जितक्या जास्त, तितकी अँटेना लांबचं ऐकते, पण तितकीच हट्टी होते. तोंड जरा हललं की संपलं. जपानमध्ये या शोधाची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला एका ब्रिटिश तंत्रज्ञाच्या वहीत सारखा 'यागी' हा शब्द दिसू लागला. त्याचा अर्थ काय, हे त्यांनी पकडलेल्या ब्रिटिशाला विचारलं, तेव्हा हे आपल्याच माणसाचं नाव आहे असं त्यांना कळलं. एका देशाने दुर्लक्षिलेली ही वस्तू साठ वर्षांनी आमच्या गच्च्यांवर कावळ्यांना बसायला मिळाली.

तिसरा, तोंड कुठे. आणि चौथा, उंची किती. हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात पैशांचा नव्हताच.



गावात पहिला टीव्ही आला तो बौद्धवाड्यात. भुसावळला रेल्वेत नोकरीला असलेल्या काकांनी आणला. आज मी काका लिहितोय. तेव्हा आमच्या घरात त्यांचा उल्लेख नुसत्या नावाने, तोही एकेरी व्हायचा. टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा. वीज नसली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा.

बौद्धवाडा नाल्यापलीकडे, मुरमाड टेकाडावर. पूर्वी गावाने त्यांना तिथे बसवलं, कारण ती जमीन पिकत नव्हती. गावातली आमची घरं नाल्याअलीकडे, पाण्याजवळ, खोलगटात. टेकाड डोंगरापासून तेवढंच लांब आणि तेवढंच उंच. सावली तिथे संपत होती. सात नळ्यांची साधी अँटेना, दहा फुटांचा बांबू, आणि चित्र आरशासारखं. शेकडो वर्षं ज्या जागेला गावाने काही किंमत दिली नाही, तिथेच दिल्ली दिसत होती.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. दर रविवारी सकाळी. आमच्या आजीने तीनेक रविवार लोकांकडून ऐकून काढले. चौथ्या रविवारी तिने पदर डोक्यावरून घेतला आणि माझा हात धरून नाला ओलांडला. मी नऊ वर्षांचा होतो.

काकांच्या अंगणात तेव्हा सगळं गाव असायचं. टीव्ही ओट्यावर आणून ठेवलेला. गावातली माणसं अंगणात पुढे, बाया एका बाजूला, त्या घरातली माणसं मागे उभी. आजीने घरून आणलेला तांब्या सोबत ठेवला होता. काकूंनी पाणी विचारलं, तेव्हा तिने तो तांब्या दाखवला. काकू काही बोलल्या नाहीत. हे मला तेव्हा दिसलं. कळलं नंतर.

तो काळही लक्षात घ्या. त्याच १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रकाशित केला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यात राम आणि कृष्णाबद्दलचं परिशिष्ट होतं. ते काढून टाका म्हणून मुंबईत मोर्चे निघाले. काढू नका म्हणून दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्टातल्या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही, अशी टीप घालून तडजोड झाली. आमच्या बौद्धवाड्यातली कॉलेजात जाणारी मुलं काकांना म्हणायची, आपल्या अंगणात हे कशाला लावता? काकांचं उत्तर मला पुढे त्यांच्या मुलाने सांगितलं: "येऊ दे त्याहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या दारात येऊन बसून राहिले."

टीव्हीवर काय दाखवायचं, कुणाची गोष्ट दाखवायची, हा प्रश्न फक्त आमच्या गावाचा नव्हता. १९८८ मध्ये मालिका संपत आली तेव्हा जालंधरमध्ये वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींच्या आश्रमातली गोष्ट, पुढची कथा दाखवा, ही त्यांची मागणी होती. संप उत्तरेत इतर शहरांतही पसरला.



आमच्या घरी टीव्ही आला त्या वर्षीच्या दसऱ्याला. वडील शाळेत मास्तर. आबांनी, म्हणजे आजोबांनी, बायकोने नाला ओलांडणं फार दिवस सहन केलं नाही.

टीव्ही आला आणि मुंग्या आल्या. मग सगळ्या गावाने केलं ते आम्हीही केलं. एक जण गच्चीवर, एक दारात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही." "आता?" "जरा डाव्या अंगाने घ्या... थांबा, थांबा... गेलं!" बूस्टर आणला. बूस्टरने मुंग्या मोठ्या झाल्या. यंत्राला नसलेलं चित्र वाढवता येत नाही.

मोताळ्याचे रेडिओवाले काका आले. गच्चीवर उभे राहून डोंगराकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. म्हणाले, "गुरुजी, दोन रस्ते. एक तर पाइप तीस फूट न्या, तरी चित्र धुरकटच येईन. नाही तर अँटेना त्या टेकाडावर ठोका अन् पट्टी वायर घरापर्यंत ओढा. चारशे फूट होईन. चित्र काचेसारखं येईन." टेकाडावर म्हणजे काकांच्या घरावर. मोकळ्यावर अँटेना राहिली नसती, गुरं आणि पोरं.

वडील गेले. मी सोबत होतो. काकांनी बाज टाकली. वडील बसले, हे मी नीट सांगतो, कारण आबा बसले नसते. वडिलांनी वायरचं सांगितलं, भाडं देतो म्हणाले.

काका म्हणाले, "पैशाचं काय घेऊन बसले गुरुजी. वायर न्या. खांबही मीच रोवून देतो. फक्त एक हाये. रविवारी आमची पोरं तुमच्याकडे येतीन टीव्ही पाहाले. त्याहिले घरात बसू द्या. अंगणात नाही. घरात."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. "विचार करून सांगतो" म्हणाले. परत येताना नाल्यापर्यंत काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मलकापूरहून बैलगाडीतून लोखंडी पाइप आला. मागच्या भिंतीला क्लॅम्प मारून, तीन बाजूंनी तारेचे ताण देऊन उभा केला. बारा नळ्यांची अँटेना. सगळं मिळून टीव्हीच्या किमतीच्या पावपट खर्च झाला. चारशे फूट चालायचं टाळायला आम्ही तीस फूट वर चढलो.

चित्र आलं. रेडिओवाले काका म्हणाले होते तसंच, धुरकट. एक लहर सरळ यायची, दुसरी कुठल्या तरी कड्यावर आपटून क्षणभर उशिरा यायची, म्हणून प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याची फिकट सावली. यालाही आम्ही भूतच म्हणायचो. आमच्या घरात दोन राम होते, दोन सीता. आजी म्हणायची, "तिकडे एकच दिसे." आबा तिच्याकडे बघायचे आणि ती गप्प व्हायची.

ती परत नाला ओलांडून गेली नाही. हळूहळू गावात इतर पाइप उभे राहिले, आमच्याहून उंच. काकांच्या अंगणातली गर्दी आटली. पाऊण वर्ष एका अंगणात बसलेलं गाव आपापल्या घरात परतलं. टीव्हीने माणसं एकत्र आणली असं सगळे लिहितात. आमच्याकडे आणली होती, खरंच. मग पाइपाने परत नेली.



पुढचं तुम्हाला माहीत आहे. नव्वदीत केबल आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आली आणि गच्च्यांवरची तोंडं बदलली. आधी ती डोंगराकडे, म्हैसमाळकडे, आपापल्या मनोऱ्याकडे असायची. आता सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे, आकाशात. डोंगराची सावली संपली. जमिनीवरची अॅनालॉग केंद्रं एकेक करून बंद झाली. मोजकी सोडून बाकी सगळी २०२२ पर्यंत गेली. डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातल्या सोळा शहरांत सुरू झालं, त्यात औरंगाबाद होतं. घाटाखालपर्यंत ते आलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मी गावी अडकलो होतो. शाळा बंद. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची पाठांची मालिका सुरू झाली, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे फोन होता, त्यांच्या ऑनलाइन तासाला खोलगटात रेंज नव्हती. मग गावातली पोरं कुठे जायची? टेकाडावर. बौद्धवाड्याच्या मागच्या कडुलिंबाखाली पाच-सहा पोरं रोज बसलेली, गावातली आणि वाड्यातली, प्रत्येकाच्या हातात आपापली स्क्रीन. एका चार्जरवर दोन फोन. कुणी घरून तांब्या आणलेला नव्हता. बाटली फिरत होती. सगळं बदललंय असं मी म्हणणार नाही. गावात अजून विहिरी कुणाच्या आणि लग्नाच्या पंगती कशा, हे मला माहीत आहे. पण रेंज अजून तिथेच येते.

आता इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्हीचं प्रक्षेपण उतरवण्याच्या चाचण्या चालू आहेत. तसं झालं तर तुमचा फोनच यागी-उदाचा वारसदार होईल, आणि घाटाखाली कुणीतरी परत "आता आलं का?" असं विचारत गच्चीवर उभं असेल.

वॉटरप्रूफिंगवाल्याला मी थांबायला सांगितलं आणि खाली वडिलांना विचारलं. ते आता पंचाऐंशीचे आहेत. पाइप काढू का म्हणालो. काढ म्हणाले. मग मी तो प्रश्न विचारला, जो मी अडतीस वर्षं विचारला नव्हता. काकांना हो का नाही म्हणालात?

"आबा होते तेव्हा."

आबा १९९१ मध्ये गेले. ते गेल्यावर का नाही, असं मी विचारलं.

वडिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तोवर चित्र दिसायची सवय झाली होती."

पाइप काढला. खाली आडवा ठेवून मोजला, तर अठ्ठावीस फूट भरला. वरची दोन फूट गंजून कधीच गळून पडली होती.